टेबल करवत घेताना काय पाहावे?

सुतार हा गावाचा जुना बलुतेदार. नांगर, कुळव, बैलगाडी, दाराची चौकट, पाट, पाळणा, सारं त्याच्याच हातचं. आता नांगर लोखंडी झाले. बैलगाड्या कमी झाल्या. पण सुताराचं काम काही संपलं नाही. दारं, खिडक्या, पलंग, कपाटं, दुकानांच्या मांडण्या ही कामं वाढली. हातकरवतीनं ती वेळेवर पुरी होत नाहीत. म्हणून पुष्कळ सुतार टेबल करवत घेतात. कुणी पैसे साठवून घेतो, तर कुणी कर्ज काढून. यंत्र कामाजोगं निघालं नाही, तर पैसा अडकतो. आणि हयगय झाली, तर बोटं जातात. म्हणून घेण्याआधी चार गोष्टी नीट समजून घेऊ या.

ही करवत असते कशी?

एक सपाट टेबल असतं. त्याला मधे एक फट असते. त्या फटीतून दातेरी गोल पातं वर येतं. खालची मोटर ते पातं फिरवते. हातकरवतीत लाकूड जागेवर राहतं आणि करवत हलते. इथं उलट आहे. करवत जागेवर राहते आणि लाकूड आपण पुढं ढकलतो. पात्याच्या बाजूला एक सरळ पट्टी असते. दुकानात तिला फेन्स म्हणतात. पट्टी आणि पातं यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्याच रुंदीची फळी निघते. शंभर फळ्या चिरा, सगळ्या एका मापाच्या. हाच या यंत्राचा मोठा फायदा.

प्रकार किती?

मुख्य प्रकार चार आहेत.

पहिली हलकी करवत. ही उचलून नेता येते. लोकांच्या घरी जाऊन काम करणाऱ्याला ती सोयीची. हिच्या मोटरीत कार्बनचे ब्रश असतात. ते झिजतात आणि बदलावे लागतात. हिचा आवाज फार. दिवसभर जाड, कठीण लाकूड चिरायला लावलं, तर मोटर तापते.

दुसरी मधली करवत. हिला लोखंडी स्टँड असतो. मोटर बेल्टनं पातं फिरवते. मोटर साधारण दीड ते दोन हॉर्सपॉवरची असते. आपल्याकडे रंधा आणि करवत एकाच सांगाड्यावर बसवलेली यंत्रंही मिळतात. लहान कारखान्याला ती परवडतात. पण त्यांतल्या पुष्कळ यंत्रांना पात्यावरचं झाकण नसतं. ते आधी पाहा.

तिसरी जड करवत. हिची मोटर पेटीत बंद असते. टेबल बिडाचं असतं. मोटर तीन ते पाच हॉर्सपॉवरची असते. वजन भारी, म्हणून यंत्र थरथरत नाही आणि काप स्वच्छ येतो. पण ती एकदा बसवली की हलवायची नाही.

चौथी सरकत्या टेबलाची करवत. जर्मनीत १९०६ साली विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी या जातीची करवत काढली. आठ फूट लांब, चार फूट रुंद प्लायवूडचा पत्रा टेबलासकट सरकतो. यातल्या पुष्कळ यंत्रांत मोठ्या पात्यापुढं एक छोटं पातं असतं. ते खालून आधी बारीक खाच पाडतं. त्यामुळं प्लायच्या कडेचे कपचे उडत नाहीत. ही करवत जागा फार खाते आणि पैसाही फार खाते.

काही जण हातातला कटर उलटा करून फळीखाली ठोकतात आणि त्यालाच टेबल करवत म्हणतात. त्याला ना झाकण, ना पक्का आधार, ना हाताशी बटण. असला जुगाड करू नये.

आधी आपलं काम पाहा

अंथरूण पाहून पाय पसरावे. शेजारच्यानं मोठं यंत्र घेतलं म्हणून आपण घेऊ नये. गेल्या वर्षभरात कोणती कामं केली, ती वहीत लिहून काढा. चौकटी जास्त होत्या का कपाटं? काम आपल्या जागेत केलं का गिऱ्हाइकाच्या घरी? घरोघरी फिरत असाल, तर हलकी करवत पुरे. गावातच बसून सागवान, आंबा, बाभळीच्या चौकटी करत असाल, तर मधली घ्या. रोजचं काम भरपूर असेल आणि हाताखाली माणसं असतील, तरच जड करवतीचा विचार करा. नुसतं प्लायचं काम करणाऱ्यानं सरकत्या टेबलाची पाहावी.

पात्याचं मापही पाहा. दहा इंची पातं टेबलावर साधारण तीन इंच वर येतं. म्हणजे तीन इंच जाडीचं लाकूड एका दमात चिरतं. पातं तिरपं केलं की ही उंची कमी होते. आणि हे ध्यानात ठेवा की टेबल करवत ओंडके चिरण्यासाठी नाही. ते काम वखारीतल्या आरा यंत्राचं. त्याला वन खात्याचा परवाना लागतो.

पात्याचे दातही मोजा. लाकूड उभं, रेषांच्या दिशेनं चिरायला कमी दातांचं पातं लागतं. दहा इंची पात्याला सुमारे २४ दात असले की झालं. आडवं कापायला आणि प्लायला ६० ते ८० दात हवेत. दोन्ही कामांना एकच पातं हवं असेल, तर ४० दातांचं घ्या.

वीज पाहा

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. दोन हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण जोरात तासभर चालली, तर दीड युनिटाहून जास्त वीज जाते. गिऱ्हाइकाला भाव सांगताना हा खर्च धरा. लहान मोटर सिंगल फेजवर चालते. मोठ्या मोटरीला बहुधा थ्री फेज लागतं. आपल्याकडे थ्री फेज नसेल, तर आधी जोडणीची चौकशी करा आणि मग यंत्र घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर करवत चालवू नका. ते कायद्याला धरून नाही. दाब कमी असला की मोटर नुसती घुमते, तापते आणि जळते. तार जाड हवी. अर्थिंग तर हवीच हवी.

जिवाची राखण

दहा इंची पातं मिनिटाला चार हजार वेळा फिरलं, तर त्याचा दात ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगानं धावतो. रस्त्यावरची एसटीही एवढी धावत नाही. अशा दातापुढं बोटाचा काय पाड?

दुसरा धोका लाकडाचा. चिरताना कधी कधी फळीची चीर मिटते आणि ती पात्याला मागून चिमटते. कधी फळी तिरपी होऊन पट्टी आणि पातं यांत अडकते. पात्याची मागची बाजू खालून वर येत असते. ती फळीला उचलते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकते. हे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घडतं. म्हणून पात्याच्या मागं एक पोलादी पट्टी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती चीर मिटू देत नाही. ही पट्टी आणि पात्यावरचं झाकण नसेल, तर ते यंत्र फुकटही घेऊ नये.

अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली एक युक्ती काढली. पात्यात अगदी थोडी वीज खेळवलेली असते. माणसाचं अंग पात्याला लागलं की ती बदलते. लगेच ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं थांबतं. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले पाचच भाग लागतात. कातडीला ओरखडा येतो, पण बोट वाचतं. मात्र ठोकळा वाया जातो आणि पातंही बहुधा खराब होतं. ओल्या लाकडानंही ही युक्ती चुकून चालू होऊ शकते. शिवाय असं यंत्र महाग असतं. ते नसलं, तरी झाकण, पट्टी आणि सावधपणा आपल्या हाती आहे.

काम करताना हातमोजे, सैल बाह्या, उपरणं, अंगठी, बांगड्या नकोत. पात्याजवळ लाकडी काठीनं ढकला, बोटांनी नको. पात्याच्या अगदी सरळ रेषेत उभे राहू नका. अडकलेला तुकडा काढायचा, तर आधी यंत्र बंद करा आणि पातं थांबू द्या. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क लावा. लाकडाच्या बारीक भुशानं कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ साली ठरवलं आहे.

घेताना पारख करा

दुकानात नुसता रंग पाहू नका. गुण्या आणि सरळ पट्टी बरोबर न्या. टेबल सपाट आहे का पाहा. पातं टेबलाशी काटकोनात उभं राहतं का पाहा. पट्टीपासून पात्याच्या पुढच्या दातापर्यंतचं अंतर मोजा. मग मागच्या दातापर्यंतचं मोजा. मागं अंतर कमी भरलं, तर लाकूड चिमटणार. ती पट्टी नीट करून मागा. पातं हातानं हलवून पाहा, पण प्लग काढून. बटण चटकन हाताशी येतं का? सुटे भाग जवळच्या शहरात मिळतात का? पावती घ्या आणि जपून ठेवा.

पैशाची सोय

केंद्र सरकारनं २०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा धंद्यांत सुतारकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं कर्ज ठेवलं आहे. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत आणि दुसरं दोन लाखांपर्यंत. आपल्या ग्रामपंचायतीत आणि सेवा केंद्रात जाऊन चौकशी करा. कागद स्वतः वाचा, मगच सही करा. वाचायला शिकलो ते याचसाठी.

लक्षात ठेवा

काम पाहून यंत्र घ्या.
वीज पाहून मोटर घ्या.
झाकण आणि मागची पट्टी यांशिवाय यंत्र घेऊ नका.
पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. गेलेलं बोट परत येत नाही.