वजनकाट्यावरची चाळीस वर्षं

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांचा नवा कायदा देशात लागू झाला. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात त्याला सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात. अफूचे ब्रिटिशकालीन कायदे आणि १९३०चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा त्याने मोडीत काढला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांचा हिशेब मांडताना एकच प्रश्न मला सोडत नाही. माणसाच्या आयुष्यातली दहा-वीस वर्षं ज्या वजनावर ठरतात, ते वजन आपण किती काळजीने करतो?

सुरुवातीला वजनाला फारशी किंमतच नव्हती. हेरॉइनचा बडा व्यापारी असो की पुड्या पोचवणारा पोरगा, किमान शिक्षा १० वर्षं. स्वतःच्या सेवनापुरता थोडासा माल सापडला तर सवलत होती. पण तो स्वतःसाठीच होता, हे व्यसनी माणसानेच सिद्ध करायचं. १९८९च्या दुरुस्तीने कलम ३७ आणखी कडक केलं. आरोपी निर्दोष असल्याचं मानायला रास्त कारण दिसलं आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही असं कोर्टाला वाटलं, तरच जामीन. म्हणजे खटला सुरू होण्याआधीच निर्दोषपणाची परीक्षा! काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला सक्तीची फाशीही तेव्हाच आली. ती सक्ती घटनेत बसत नाही, असं २०११मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं. २०१४मध्ये संसदेनेही ती काढली आणि त्याच दुरुस्तीत कॅन्सरच्या रुग्णांसाठी मॉर्फिन मिळण्याची वाट मोकळी केली.

मोठं वळण आलं ते २००१मध्ये. अल्प, मधलं आणि व्यावसायिक अशा प्रमाणांच्या तीन पायऱ्या झाल्या. गांजासाठी १ किलो आणि २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम या सीमा ठरल्या. वरची सीमा ओलांडली की १० ते २० वर्षं कैद आणि जामिनाच्या दारात कलम ३७. तेव्हापासून बचावाची लढाई वजनकाट्यापाशी येऊन थांबली.

समजा, पोत्याचं वजन २१ किलो भरलं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांपासून सुटी असलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. भांग या कायद्याबाहेर राहिली ती त्यामुळेच. मग आरोपीचा वकील पंचाला विचारतो : पानं, काड्या वेगळ्या केल्या होत्या का? पोत्याचं वजन वजा केलं का? किलोभराच्या फरकाने सगळा खटला पालटतो.

भेसळीचा वाद तर बारा वर्षं चालला. केरळातल्या एका खटल्यात ४ किलोंहून जास्त पावडरीत शुद्ध हेरॉइन जेमतेम ६० ग्रॅम होतं. शिक्षेसाठी शुद्ध अंशच मोजा, असं सर्वोच्च न्यायालय २००८मध्ये म्हणालं. २०२०मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं. आता भेसळीसकट सगळं वजन धरतात.

झडतीचंही तसंच. अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे आरोपीला सांगायलाच हवं, असं १९९९मध्ये घटनापीठाने बजावलं. हातातल्या पिशवीला मात्र हे संरक्षण नाही, हे २००५मध्ये स्पष्ट झालं. मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढावेत, यावर २०१६मध्ये भर दिला गेला. आणि तपास अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या कबुलीवर शिक्षा देता येणार नाही, हे २०२०च्या तोफानसिंग निकालाने पक्कं केलं.

यांना लोक पळवाटा म्हणतात. व्यसनाने घरं उद्ध्वस्त होतात, त्यामुळे लोकांचा राग मी समजू शकतो. पण १९ किलो आणि २१ किलो यांच्यामध्ये एखाद्याचं निम्मं तारुण्य उभं असताना, काट्यावर नीट तोललं का, मुद्देमालाची लाखेची मोहोर शाबूत होती का, हे कोणीतरी विचारायलाच हवं. ज्याने वजन चोख केलं आहे, त्याला या प्रश्नाचं उत्तर द्यायला मिनिटभरही लागत नाही.