सोंगांची रात्र, चेहऱ्यांची सकाळ

चैत्र पौर्णिमा जवळ आली, म्हणजे मनोरच्या मस्तान नाक्याला निराळीच जाग येते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे जाणारे भाविक डहाणू तालुक्यातील विवळवेढ्याच्या श्रीमहालक्ष्मीच्या यात्रेस निघालेले असतात. तर पूर्वेकडची वाट विक्रमगडावरून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात शिरते, जेथे होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगाव बोहाडा रंगतो. नारळ-ओटी घेऊन निघालेल्या या मेळ्यात अलीकडे छायाचित्रकारांचीही भर पडली आहे. बहुतेकांच्या हाती लहान कॅमेरा किंवा मोबाईल असतो. पण क्वचित एखाद्याच्या खांद्यावर ट्रायपॉड आणि पाठीवर जड पिशवी दिसते. त्या पिशवीतील यंत्राविषयी, आणि त्याने या देवभूमीकडे व तेथील माणसांकडे कसे पाहावे याविषयी, उत्सवाच्या निमित्ताने चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

या यंत्रास मिडियम फॉरमॅट कॅमेरा म्हणतात. नाव नवे वाटले, तरी वस्तू आपल्या घराण्यांच्या ओळखीची आहे. देवघराशेजारच्या भिंतीवर आजोबा-आजींची जी गंभीर मुद्रेची कृष्णधवल छायाचित्रे हार घालून टांगलेली असतात, त्यांपैकी कितीतरी १२० क्रमांकाच्या रोलवर काढलेली आहेत. हा रोल १९०१ साली बाजारात आला. सहा सेंटिमीटरच्या चौकोनी चित्राचे बारा फोटो एका रोलवर निघत, आणि बाराच निघत. म्हणून स्टुडिओवाला पदर सारखा करून घेई, हनुवटी वर करावयास सांगे, आणि मगच खटका दाबी. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांनी तेथली भूमी टिपली, तीही हॅसलब्लाडच्या अशाच कॅमेऱ्याने.

आज रोलच्या जागी संवेदक आला आहे. नेहमीच्या व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक २४ × ३६ मिलिमीटरचा असतो. हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत किंवा फुजीफिल्मच्या जीएफएक्समध्ये तो सुमारे ४४ × ३३ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने पावणेदोन पटींच्या जवळपास. आणि फेज वनच्या सर्वांत मोठ्या यंत्रात ५३ × ४० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच पट. दहा कोटी बिंदूंचे एक चित्र उत्तम छपाईत ३९ × २९ इंचांपर्यंत सहज जाते. परंतु बिंदूंची मोजदाद हे या यंत्राचे खरे वैभव नव्हे. उजेडातून सावलीत जाताना मधल्या ज्या असंख्य पायऱ्या डोळ्यास जाणवतात, त्या येथे गळून पडत नाहीत. किंमत मात्र लाखांत जाते. ते सामान्य घराने विकत घ्यावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही.

मनोरच्या मुलखात या पायऱ्यांना फार महत्त्व आहे. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा येथून पश्चिमेस समुद्राकडे जाते. नाव उच्चारताच परलोकीची वैतरणी आठवावी, अशी ही नदी. तिची उपनदी सूर्याही याच परिसरातली. वाड्याच्या रस्त्यावर कोहोज उभा आहे. त्याच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने कोरलेला सुळका एखाद्या उभ्या पुरुषासारखा दिसतो. चैत्रात मात्र धुरकट हवेमुळे तो दूरवरून पुसट होतो आणि कितीही महाग भिंग लावले तरी हाती निराशाच येते. त्याचे खरे रूप पाहावयाचे तर पाऊस ओसरल्यावर, नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत, सूर्य वर येण्यापूर्वी जावे. त्या वेळी पिकलेल्या भाताचा पिवळा, सागाच्या पानांचा मळकट हिरवा आणि काळ्या कातळाचा जांभळट रंग एकमेकांत मिसळत असतो. ट्रायपॉड रोवावा, भिंगाचे छिद्र बेताने मिटवावे, वारा पडण्याची वाट पाहावी. येथे घाई चालत नाही. किंचित हात हलला तरी मोठा संवेदक ती चूक मोठी करून दाखवितो.

आणि हे भूदृश्य आता टिपून ठेवावयास हवे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत अतिजलद रेल्वेचा मार्ग याच जिल्ह्यातून आखला गेला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या कामांची भलीबुरी चर्चा अन्यत्र होत असते. डोंगर आणि शिवार मात्र पूर्वी कसे होते, हे उद्या कोणी विचारील.

तथापि भूमीचे चित्र म्हणजे केवळ माती, पाणी आणि झाडे काय? या प्रश्नाचे मोठे मार्मिक उत्तर डहाणू तालुक्यातील गंजाड या गावी मिळाले. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल २०१३ मध्ये तेथे आल्या आणि वारली चित्रकार राजेश चैत्या वांगड यांच्या सोबतीने त्यांनी गावाचा परिसर टिपला. वांगड प्रत्येक जागेची कथा सांगत होते: येथे अमके दैवत, तेथे तमके संकट. छायाचित्रात मात्र त्यांतले काहीच उमटेना. तेव्हा वांगडांनी त्या छायाचित्रांवरच आपल्या बारीक वारली रेषांनी ते सारे रेखाटले. डोंगर कॅमेऱ्याने दिला. त्या डोंगरातले देव, पूर्वज आणि आठवणी चित्रकाराने दिल्या. यंत्राची मर्यादा मोकळेपणाने मान्य करणारा असा प्रयोग आमच्या पाहण्यात विरळाच आहे.

भूमीकडून आता चेहऱ्याकडे वळू. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात रात्री मशालींच्या उजेडात संबळ-सनईच्या तालावर एकेक सोंग निघते. आधी गणपती, मग शारदा, पुढे अनेक देव-दानव आणि शेवटी महिषासुराचा वध करणारी जगदंबा. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे हे मुखवटे कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असतात आणि अमुक सोंग अमुक घरानेच नाचवावयाचे, असा मान ठरलेला असतो. मुखवटा चढला की आतला शेजारी-पाजारी राहत नाही; समोर देव असतो आणि लोक त्याला हात जोडतात.

अशा वेळी कॅमेरा घेऊन पुढे घुसणे शोभत नाही, हे तर खरेच; पण ते निष्फळही आहे. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली फार थोडी असते. डोळा स्पष्ट झाला तर कान पुसट होतो. मशालीच्या हलत्या उजेडात नाचणारे सोंग या संथ यंत्राने पकडता येत नाही. मग मोह होतो फ्लॅशचा. मुखवट्याच्या इवल्या भोकांतून वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो अंधारी आणतो. आमचे मत स्पष्ट आहे: ती रात्र दर्शनाची आहे, तेथे यंत्र पिशवीतच राहू द्यावे.

गौरी गिल यांनी हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. पूजेतल्या मुखवट्यांना हात न लावता त्यांनी २०१५ च्या सुमारास जव्हारकडील नामांकित मुखवटेकार धर्मा कडू यांचे पुत्र सुभाष व भगवान यांना नवे मुखवटे करावयास सांगितले. देवांचे नव्हे, माणसांच्या भावभावनांचे, पशुपक्ष्यांचे, नित्याच्या वस्तूंचे. गावकऱ्यांनी ते चढविले आणि आपल्या घरात, दुकानात, दवाखान्यात ते नेहमीसारखे बसले-उठले. ती चित्रे २०१७ मध्ये अथेन्स व कासल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ मध्ये मांडली गेली. पूजा पूजेच्या ठिकाणी राहिली आणि कारागिरांची कला मात्र समुद्रापार पोहोचली.

मोठ्या कॅमेऱ्याची वेळ येते ती बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी. रात्रभर जागलेला मनुष्य मुखवटा उतरवून ओटीवर चहा घेत बसलेला असतो. कपाळावर मुखवट्याच्या दोरीचा वळ, कानामागे उरलेला गुलाल, डोळ्यांत झोप आणि समाधान. त्याची परवानगी घ्यावी, त्याला उन्हात न बसविता कुडाच्या सावलीतच राहू द्यावे, बाहेरच्या अंगणाचा उजेड तोंडावर येईल एवढेच पाहावे. सावळ्या कांतीच्या छटा साध्या कॅमेऱ्यात अशा ठिकाणी काळवंडतात आणि पाठीमागचे अंगण पांढरेफटक होते. येथे दोन्ही शाबूत राहतात. सुरकुतीतला घामही दिसतो. पुष्कळ फोटो काढू नयेत. जुना रोल बाराच देत असे, तेवढे आजही पुरतात.

मात्र एक देणे उरते. त्याचा चेहरा आपण नेला, तर छापील प्रत त्याच्या घरी पोहोचली पाहिजे. मोबाईलवर पाठविलेली नव्हे, कागदावरची. बोहाड्याच्या गावांची वाट वर्षातून एकदा पुन्हा येतेच. पुढल्या फाल्गुनात जाताना ती प्रत पुठ्ठ्यात नीट बांधून न्यावी आणि पावसाळ्यात कुडाच्या भिंतीला ओल येते, म्हणून काच व चौकटही बरोबर घ्यावी.