हळदीचा पिवळा आणि २८०० फोटो

"ताई, फोटो काढायला दोन दिवस लागतात, बघायला चार," असं आपट्याचा एक फोटोग्राफर भाचीच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या बोलून गेला. एडिटिंगचं तो बोलतच नव्हता. नुसतं बघायचं, त्यातले चांगले निवडायचे. तेवढ्याला चार दिवस का लागावेत, हे मला काही केल्या उमगेना. म्हणून मी त्याच्या दुकानात जाऊन बसले.

पाताळगंगेच्या काठचं आपटा बाहेरच्यांना ठाऊक आहे ते स्टेशनमुळे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा १९९५ साली पडद्यावर आलेला तो शेवटचा गाडीचा प्रसंग इथला. लग्न ठरलेली जोडपी अजूनही हात पुढे केलेला तसाच फोटो मागतात. फलाटावर शूटिंग करायला रेल्वेची परवानगी लागते, त्यामुळे हा फोटोग्राफर त्यांना बहुतेक वेळा नदीवर घेऊन जातो. पण त्याचं घर चालतं ते आसपासच्या आगरी घरांतल्या हळदींवर. इथली हळद म्हणजे रात्रभराचा सोहळा, लग्नाइतकीच माणसं, लग्नापेक्षा जास्त नाच. त्या आठवड्यात समोर होते ते हळदीचे ९०० आणि लग्नाचे १९००. "२८००," तो म्हणाला, आणि दिवसभरात हा आकडा त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकला.

कार्ड घालणं, फोटो उतरवून घेणं, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणं हे चहा येईपर्यंत उरकलं. मग तो खुर्ची पुढे ओढून बसला. डेस्कटॉप जुना, रॅम ४ जीबी, आत फिरती हार्ड डिस्क. पडद्यावर मात्र फोटोशिवाय काही नाही. वर मेनू नाही, बाजूला पट्ट्या नाहीत, 'हा फोटो सुंदर करू का' असं विचारणारं बटण नाही. उजव्या हाताचं बोट बाणाच्या बटणावर, डावा हात 'एफ ८'च्या जवळ. बाण दाबला की पुढचा फोटो. 'एफ ८' दाबून एन्टर केलं की त्या फोटोची प्रत 'अल्बम' नावाच्या फोल्डरमध्ये. सकाळभर एवढंच.

संगणकासोबत आलेल्या फोटोच्या प्रोग्रॅमवर त्याने आधी एक पूर्ण सीझन काढला होता. त्या मशीनवर प्रत्येक फोटो स्वच्छ दिसायला दोन सेकंद जात. दोन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण २८०० गुणिले दोन म्हणजे ५६०० सेकंद, म्हणजे दीड तासाहून जास्त वेळ नुसता थांबण्यात. निवड एका फेरीत होत नाही, निदान दोन फेऱ्या लागतात. म्हणजे तीन तास. लग्नसराईत अशी लग्नं पाठोपाठ येतात.

हा उशीर कुठून येतो? २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. डिस्कवर तो आठ-दहा एमबीचा दिसतो, पण उघडला की मेमरीत ७२ एमबी जागा घेतो. आणि समोरच्या फुल एचडी पडद्यावर मावतात जेमतेम २१ लाख ठिपके. अडीच कोटींच्या जवळपास ठिपके उलगडायचे आणि त्यातले बहुतेक गाळून दाखवायचे, असं हे काम. चांगला व्ह्यूअर इथे हुशारी करतो. जेपीईजी उलगडतानाच अर्ध्या किंवा पाव आकारात काढता येतो. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला तयार जेपीईजी असतो, तो आधी दाखवता येतो. आणि तुम्ही हा फोटो बघत असताना पुढचा मागच्या मागे तयार करून ठेवता येतो. जेपीईजीव्ह्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम नेमकं हे शेवटचं करतो. त्याचं रूप इतकं साधं आहे की बरेच जण त्याला कच्चा समजतात. माझ्या मते तो कारागिरीचा नमुना आहे.

दुपारी एक ग्रुप फोटो आला. मांडवासमोर चौदा माणसं, लागोपाठ पाच क्लिक. मधोमध खुर्चीवर आजी. त्याने पहिला फोटो शंभर टक्के मोठा केला आणि आजीच्या डोळ्यांवर नेऊन ठेवला. मग बाण. दुसऱ्या फोटोतही पडदा आजीच्या डोळ्यांवरच, तितकाच मोठा. बाण, बाण. दुसऱ्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात नजर खाली, चौथ्यात उघडे पण फोकस मागच्या माणसावर, पाचवा नीट. पुढचा फोटो उघडताना झूम आणि जागा जशीच्या तशी धरून ठेवणं, एवढी एकच सोय इथे कामाला आली. ती नसती तर पाचही वेळा माउसने आजीला शोधत बसावं लागलं असतं. नोमॅक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये तर दोन खिडक्या एकमेकींना जोडता येतात. एकीत फोटो सरकवला की दुसरीतलाही तेवढाच सरकतो.

चौदा जणांचे डोळे तो याच रीतीने तपासत गेला. चार दिवस कुठे जातात, ते मला तेव्हा कळलं.

नापसंत फोटो तो पुसत नाही. त्याचं कारण त्याने सांगितलं आणि ते माझ्या मनातून जात नाही. एका घरून लग्नानंतर तीन महिन्यांनी फोन आला होता. आजोबा गेले होते, घरात लावायला बरा फोटो नव्हता. अल्बममध्ये ते कुठेच नव्हते. न निवडलेल्या ढिगात एक सापडला, कोपऱ्यात बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, पण हसणारे. तेव्हापासून 'डिलीट'च्या बटणाला तो हात लावत नाही. निवडायचं ते प्रत काढून. व्ह्यूअर निवडताना पुसायची सोय किती पटकन सापडते हे लोक बघतात. ती चुकून दाबली जात नाही ना, हे आधी बघावं.

साधेपणाचीही एक हद्द असते, ती हळदीच्या फोटोंनी दाखवली. त्याचा कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगव्यवस्थेवर लावलेला आहे. फोटोसोबत येणारी रंगांची ही नोंद काही हलके व्ह्यूअर वाचतच नाहीत. नवरीच्या गालावरची ओली, झळझळीत हळद अशा व्ह्यूअरमध्ये भिजवलेल्या बेसनासारखी फिकी दिसते. त्या फिक्या रंगावर विश्वास ठेवून कुणी रंग चढवला, तर छापून आलेला अल्बम भडक होणार. कडा, पट्ट्या, बटणं काढून टाका, जरूर काढा. रंगाची नोंद वाचणं काढू नका, ती सजावट नव्हे. इरफानव्ह्यूमध्ये ही सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि ती त्याने केली आहे.

हो, त्याचा प्रोग्रॅम इरफानव्ह्यू. बोस्नियाच्या इरफान श्किल्यानने लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९६ पासून चालत आला आहे. श्किल्यान शिकला व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात, आणि नोमॅक्सही त्याच विद्यापीठात जन्मला. इरफानव्ह्यूच्या आधी या दुकानात पिकासा हा प्रोग्रॅम होता. २०१६ मध्ये गूगलने तो बंद केला. "चांगली गोष्ट दुसऱ्याच्या हातात असली की अशी जाते," तो म्हणाला. एका माणसाने तीस वर्षं निगुतीने सांभाळलेल्या प्रोग्रॅमवर त्याचा भरवसा आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे, धंद्याला नाही. दुकानात वापरायचा तर परवान्याचे थोडे पैसे भरावे लागतात. आमच्याकडे ही अट कुणी वाचत नाही. याने भरले आहेत. ज्यांना भरायचे नसतील त्यांना नोमॅक्स, जेपीईजीव्ह्यू, क्यूव्ह्यू हे धंद्यालाही मोफत आणि खुले पर्याय आहेत. लिनक्सवर फेह आहे, त्याच्या खिडकीत फोटो तेवढा असतो आणि बाकी कारभार कीबोर्डवर.

तुमच्या घरच्या संगणकावरही लग्नाचे, बारशाचे, गणपतीचे हजारो फोटो पडून असतील. त्यासाठी व्ह्यूअर शोधणार असाल तर वैशिष्ट्यांच्या याद्या वाचत बसू नका. तुमचं सर्वांत जड फोल्डर उघडा आणि बाण दाबत शंभर फोटो पुढे जा. वाट बघावी लागली, उभा फोटो आडवा आला, झूम सुटला किंवा हळद फिकी दिसली, तर तो व्ह्यूअर काढून दुसरा घाला. आणि त्यावर पोट भरत असेल, तर परवान्याचे पैसे भरा.