तबकडीचा वेग आणि गवयाचा षड्ज

घरातल्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवायला बसलेला माणूस पहिल्यांदा खरखरीच्या मागे लागतो. माझ्या मते त्याने आधी षड्ज शोधावा. खरखर नंतरही काढता येते. चुकीच्या वेगाने घेतलेला आवाज मात्र त्याच गायकाचा म्हणून पुढच्या पिढीकडे जातो.

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात ही काळजी जास्तच घ्यायला हवी, कारण इथे स्वरांच्या सूक्ष्म अंतरांचाच ध्यास घेतला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांवर, म्हणजे श्रुतींवर, पुस्तक काढले. साताऱ्याचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्याच ध्यासाने 1913 मध्ये ग्रंथ लिहून मोकळे झाले. या दोघांच्या श्रुतींच्या प्रयोगांना गळा मिळाला तो गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. 1937 मध्ये गेल्यावर त्यांचे दफनही तिथल्या मीरासाहेब दर्ग्यातच झाले. त्यांच्या तबकड्या आजही संग्राहकांकडे जपून ठेवलेल्या आहेत.

आता हिशोब पाहा. लाखेची जुनी तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते असे आपण म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात हा आकडा पक्का नव्हता. दोन-चार फेऱ्यांचा फरक सहज असे. वेग साधारण साडेचार फेऱ्यांनी वाढला की सगळे गाणे अर्ध्या स्वराने वर चढते. एका फेऱ्याची चूक तर जवळजवळ एका प्रमाणश्रुतीएवढी, म्हणजे श्रुतींमधल्या सर्वांत लहान अंतराएवढी. स्वरांमधली आपापसातली अंतरे बिघडत नाहीत, हे खरे. पण गळा कोवळा होतो, तान घाईची वाटते. म्हणून साथीच्या पेटीचा सूर ऐकावा, तो कुठल्या पट्टीशी जुळतो ते पाहावे आणि मग वेग ठरवावा. तबकडीचे भोक मधोमध नसेल तर त्रास वेगळाच: दर फेऱ्याला सूर वरखाली हेलकावतो आणि लांब मींड विस्कटते. तिथे भोकापाशी तबकडी किंचित सरकवून मध्य साधण्यावाचून इलाज नाही.

बाकीचे काम हाताचे. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसावे, लेबल कोरडे ठेवावे. एलपीची सुई इथे चालत नाही: तिचे टोक 18 ते 25 मायक्रॉन त्रिज्येचे, 78 च्या खाचेला साधारण 65 ते 75 लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला घासते आणि तळाची घाणच ऐकू येते. स्टिरिओ कार्ट्रिज असेल तर डावी-उजवी बाजू मिसळून एक करावी; खाच आडवी कोरलेली असल्याने उभ्या हालचालीचा बराचसा खुर्रखुर्र आवाज त्यातच विरतो.

ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर स्टिरिओत घेतले की एक मिनिट साधारण 35 एमबी होते. तीन मिनिटांच्या बाजूसाठी ही जागा काहीच नाही. नॉइज रिडक्शन फार ओढले तर तंबोऱ्याचा झंकारही खरखरीसोबत जातो, म्हणून पहिली प्रत न धुता, न कापता वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी. साफ केलेली प्रत वेगळी. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. फाइलच्या नावात गायक, राग, लेबलावरचा क्रमांक, लेबलाशेजारी लाखेत कोरलेला क्रमांक आणि वापरलेला वेग लिहावा: 76 असेल तर 76.