हिम पडण्याआधीचे काम
लेखमाला : नगरांचा कारभार (लेखांक सातवा)

वाहनांच्या भाराने रस्ता झिजतो ही समजूत खोटी नव्हे, पण अपुरी आहे. रस्त्यांच्या मरामतीत ज्यांची हयात गेली अशा कोणत्याही अभियंत्याला विचारले तर तो सांगेल की, रस्त्याचा खरा वैरी पाणी होय, आणि वाहनांचा भार जे मोडतो ते पाण्याने आधीच खिळखिळे करून ठेवलेले असते. मागील लेखांकात रस्त्याचे थर कसे रचले जातात ते पाहताना प्रत्येक थरामागे निचऱ्याचीच चिंता कशी उभी असते, हे आपल्या ध्यानी आले होते. आज त्याच चिंतेचे एक निराळे रूप पाहावयाचे आहे. ज्या नगरात वर्षाचे चार-साडेचार महिने पाणी आकाशातून हिम होऊन उतरते, वाहून जाण्याऐवजी रस्त्यावरच मुक्काम करते, दिवसा थोडे वितळून रात्री पुन्हा दगडासारखे गोठते, त्या नगराचे सार्वजनिक बांधकाम खाते हिवाळा तोंडावर आला असता नेमके काय करत असते, हा आजचा विषय. आणि त्यासाठी कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील मॉन्ट्रियल या महानगराचे उदाहरण मी घेतले आहे.

मॉन्ट्रियल हे सेंट लॉरेन्स नदीतील बेटावर वसलेले नगर. दरसाल तेथे सरासरी दोन मीटरच्या आसपास हिम पडते, आणि जे रस्ते व पदपथ मोकळे राखावे लागतात त्यांची एकत्रित लांबी दहा हजार किलोमीटरच्या घरात जाते. एवढे हिम पडणारी गावे पृथ्वीवर पुष्कळ आहेत. पण ती बहुधा लहान असतात, घराभोवती मोकळी जमीन असते आणि हिम कडेला लोटले की काम संपते. मॉन्ट्रियलच्या जुन्या वस्त्यांत घराला घर लागलेले, रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या, त्यांच्या पलीकडे अरुंद पदपथ आणि लगेच घरांचे बाहेरच्या बाजूला काढलेले लोखंडी जिने. तेव्हा हिम कडेला लोटावे तर ती कडच तेथे नाही. या एका अडचणीतून तेथील साऱ्या व्यवस्थेचा जन्म झाला आहे.

या व्यवस्थेचा आरंभ मात्र हिमापासून होत नाही, तो पानगळीपासून होतो. मेपलची आणि इतर वृक्षांची पाने ऑक्टोबरात झडू लागली की झाडू-यंत्रे रस्त्यांच्या कडांवरून फिरू लागतात, आणि तेथील कित्येक रस्त्यांवरच्या पाट्या या सफाईसाठी ठरावीक वेळी मोटारी उभ्या करण्यास मज्जाव करतात. पाने गोळा करण्याचा हेतू केवळ टापटिपीचा नाही. रस्त्याकडेच्या प्रत्येक लोखंडी जाळीखाली एक खोल चेंबर असते. त्याचा तळ पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेला असतो, म्हणजे वाळू, खडी आणि कचरा तळाशी बसावा आणि वरचे पाणी तेवढे पुढे जावे. वर्षभरात हा तळ भरत जातो. तो भरलेला असताना वरून ओल्या पानांचा थर जाळीवर बसला आणि त्यावर पहिले हिम पडले, तर डिसेंबर-जानेवारीत एखाद्या उबदार दिवशी वितळलेल्या पाण्याला वाट राहत नाही; ते रस्त्यावर साचते आणि रात्री तेथेच त्याची आरशासारखी बर्फाची लादी होते. म्हणून मोठाली शोषणयंत्रे बसवलेल्या गाड्या ही चेंबरे उपसत हिंडतात. मृग लागण्यापूर्वी आपल्याकडे महानगरपालिका नालेसफाई उरकू पाहते, तिचेच हे उत्तरेकडील भावंड म्हणावे. आणि दोन्हीकडे अनुभव एकच की, या कामात झालेली कसूर त्या दिवशी कोणाच्या नजरेस येत नाही, ती येते तेव्हा दुरुस्तीचा हंगाम निघून गेलेला असतो.

दुसरे काम भेगांचे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे शालेय पुस्तकातील वाक्य रस्त्याच्या बाबतीत फार महाग पडते. डांबरी पृष्ठावर केसासारखी भेग असली की तीतून पाणी खाली उतरते, गोठून फुगते, भेग रुंदावते, मग वितळून आणखी खोल उतरते आणि पुन्हा गोठते. एका हिवाळ्यात असे आवर्तन अनेकदा घडले म्हणजे वरच्या थराखाली पोकळी तयार होते आणि पहिल्या जड वाहनासरशी तेथे खड्डा पडतो. सतत कडाक्याची थंडी रस्त्याला त्या मानाने कमी बाधते. शून्य अंशाच्या आसपास घुटमळणारी, कधी वर कधी खाली जाणारी हवा हीच त्याला अधिक घातक. यास्तव शरद ऋतूत भेगा झाडून, कोरड्या करून त्यांत तप्त डांबरी लुकण भरतात. हे काम पुढे ढकलता येत नाही, कारण गरम डांबरमिश्रण तयार करणारे कारखाने कडक थंडी सुरू झाली की बंद होतात. त्यानंतर खड्डा पडला तर थंड मिश्रणाचे ठिगळ लावण्यापलीकडे हाती काही उरत नाही, आणि ते ठिगळ पुढच्या वितळणीपर्यंत टिकेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

आणखी एक बारीकसे काम सांगतो, कारण ते मला या खात्याच्या दूरदृष्टीचा उत्तम दाखला वाटते. आगीच्या वेळी बंबांना पाणी पुरवणारे जे लोखंडी हायड्रंट रस्त्याकडेला उभे असतात, त्यांची रचना थंड देशांत वेगळी असते. वर दिसणारा खांब एरवी कोरडा असतो. पाणी अडवणारी झडप जमिनीत खोल, गोठणीच्या मर्यादेखाली बसवलेली असते आणि वापर संपून झडप मिटली की खांबातील उरलेले पाणी तळच्या छिद्रातून आपोआप झिरपून जावे अशी योजना असते. हे छिद्र गाळाने बुजले असेल तर पाणी खांबात राहते, गोठते आणि ऐन आगीच्या वेळी नळ उघडत नाही. म्हणून हिवाळ्यापूर्वी हायड्रंटांची तपासणी होते, पाणी उरले असल्यास उपसून काढले जाते आणि खांबाला एक उंच काठी बांधली जाते, जेणेकरून हिमाच्या ढिगात तो कोठे दडला आहे हे बंबवाल्याला आणि यंत्र चालवणाऱ्यालाही कळावे.

कारभाराची वाटणी अशी आहे. नगराचे १९ उपविभाग आहेत आणि प्रत्यक्ष काम त्यांच्या हद्दीत होते; काही पट्टे उपविभागाचे स्वतःचे कामगार सांभाळतात, काही मक्त्याने दिलेले असतात. पूर्वी हिम उचलण्यास केव्हा आरंभ करावा हा निर्णय जो तो उपविभाग घेई, त्यामुळे एका रस्त्याचा अर्धा भाग मोकळा आणि हद्द ओलांडताच उरलेला अर्धा हिमाखाली, असा प्रकार घडे. २०१५ पासून संपूर्ण नगरास एकच धोरण लागू झाले आणि हुकूम मध्यवर्ती कचेरीतून सुटू लागला. यंत्रांची मरामत, मक्तेदारांशी करार, चालकांचे शिक्षण, मिठाची साठवण हे सारे नोव्हेंबरपूर्वी पुरे व्हावे लागते. मोटारधारकांवरही कायद्याची सक्ती आहे: क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या मुदतीत हिवाळी टायर लावणे बंधनकारक आहे.

मिठाचा उपयोग कसा होतो हे समजावून घेण्यासारखे आहे. मीठ हिमाला जाळत नाही. ते पाण्यात विरघळून त्याचा गोठणबिंदू खाली नेते आणि त्यामुळे हिम रस्त्याला चिकटून बसत नाही, इतकेच. साधे मीठ सिद्धांततः उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत काम करते, पण व्यवहारात उणे १५ च्या खाली त्याचा प्रभाव इतका मंदावतो की ते टाकणे व्यर्थ ठरते, आणि मग पाय व चाके घसरू नयेत म्हणून बारीक खडी पसरतात. क्युबेकला लागणाऱ्या या मिठाचा मोठा भाग सेंट लॉरेन्सच्या आखातातील माग्दालेन बेटांवरच्या भूमिगत खाणीतून जहाजांनी येतो. मीठ स्वस्त आहे, पण निरुपद्रवी नाही. ते पुलांच्या काँक्रीटमधील सळया गंजवते, रस्त्याकडेच्या वृक्षांची मुळे सुकवते आणि अखेर नदीनाल्यांत उतरते, जेथून ते परत काढणे कोणालाही साधत नाही. भर जानेवारीत रस्ता जुलैसारखा काळा आणि कोरडा दिसावा असा नागरिकांचा आग्रह असतो. तो आग्रह थोडा सैल झाला तर नगराचे आणि नदीचेही हित होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष हिम. ते पडू लागताच मीठ-खडीच्या गाड्या निघतात. अडीच सेंटिमीटरच्या आसपास थर झाला की पाते लावलेली यंत्रे ते कडेला लोटू लागतात, पदपथांवर पट्ट्याच्या चाकांची लहान यंत्रे धावतात. दहा-पंधरा सेंटिमीटर साचले म्हणजे मात्र लोटणे पुरत नाही, उचलणे भाग पडते, आणि येथे मॉन्ट्रियलचे खरे वैशिष्ट्य दिसते. रस्त्याच्या एकेका बाजूला नारिंगी पाट्या लागतात. त्यांवर सकाळी सात ते संध्याकाळी सात किंवा संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी मनाईची मुदत लिहिलेली असते. मुदत सुरू होण्याच्या सुमारास ओढगाडी आपला दोन सुरांचा भोंगा वाजवत रस्त्यातून जाते, घराघरातून माणसे कोट चढवत धावत खाली येतात, आणि जी मोटार तरीही हलत नाही ती ओढून नेली जाते. मग मिरवणूक येते: पुढे पदपथाचे यंत्र हिम रस्त्यावर ढकलते, ग्रेडर त्याचा एक लांबलचक बांध रचतो, त्या बांधाला तोंड लावून स्नोब्लोअर चालतो आणि त्याच्या नळकांड्यातून उडालेला शुभ्र झोत शेजारून त्याच गतीने चालणाऱ्या मालमोटारीत पडतो, एक भरली की ती सुटते आणि मागची तिच्या जागी सरकते, यंत्राला क्षणाचा खोळंबा होत नाही.

या मिरवणुकीत स्नोब्लोअरच्या पुढे एक माणूस पायी चालत असलेला दिसतो. हिमाच्या ढिगात भुयारे खणून खेळणे हा तेथील मुलांचा आवडता खेळ. आणि फिरत्या पात्यांच्या त्या अजस्र यंत्राच्या चालकाला बांधाच्या आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून वस्तीच्या भागात असे यंत्र चालवायचे तर त्याच्या पुढे पहारेकरी असलाच पाहिजे, असे प्रांताच्या वाहतूक कायद्यातच नमूद आहे. शेकडो अश्वशक्तीच्या यंत्राचा वेग अशा रीतीने एका माणसाच्या नजरेच्या स्वाधीन केलेला आहे. सार्वजनिक कामांच्या नियमावल्या मी पुष्कळ चाळल्या. यापेक्षा अधिक शहाणे कलम त्यांत क्वचितच आढळले.

स्नोब्लोअर हे यंत्रही याच भूमीतले. मॉन्ट्रियलजवळच्या सेन-लेओनारचे आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये स्वयंचलित स्नोब्लोअर तयार केला. मळणीयंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. १९२७ मध्ये त्यांचे यंत्र शेजारच्या उत्रमाँ नगराने विकत घेतले. घसरगाड्यांच्या काळात रस्त्यावर हिम हवेच असे. मोटारी आल्या आणि जे वाहतुकीचे साधन होते तेच विघ्न होऊन बसले.

उचललेले हिम नेऊन टाकावे कोठे? हिवाळ्यागणिक सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर हिम वाहून न्यावे लागते आणि ते स्वच्छ नसते. त्यात मीठ, खडी, तेल, टायरांची झीज, रस्त्यावरचा सर्व कचरा मिसळलेला असतो. एके काळी ते थेट सेंट लॉरेन्समध्ये लोटत. विसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यावरणाच्या कायद्याने तो शिरस्ता मोडला. आज दोन उपाय आहेत. पहिला, मोठ्या सांडपाणी-वाहिन्यांवर उघडणारी विवरे: सांडपाणी हिवाळ्यातही बऱ्यापैकी कोमट असते, त्यात पडलेले हिम वितळते आणि बेटाच्या पूर्व टोकाच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दुसरा, मोकळ्या जागांतील साठे. त्यांतला सर्वांत मोठा सेन-मिशेल भागातील फ्राँकों ही चुनखडीची जुनी खाण. ज्या खाणीतील दगड नगराच्या बांधकामांना पुरला तिच्याच कड्यावरून आता मालमोटारी हिम खाली ओततात, आणि त्याचा डोंगर उन्हाळ्यातही पूर्णपणे वितळत नाही. वर काळपट मातीचा थर साचून तो खालच्या बर्फाचे उन्हापासून रक्षण करतो.

ही सारी व्यवस्था हिमासाठी आहे, गोठत्या पावसासाठी नाही, हे १९९८ च्या जानेवारीत कळून चुकले. ५ ते १० जानेवारी या काळात पाऊस पडला तो वस्तूंना स्पर्श होताच बर्फ होऊन. वीजवाहिन्या आणि त्यांचे मनोरे त्या भाराखाली कोसळले, पंप बंद पडले आणि ९ जानेवारीला नगराचा पाणीपुरवठा संपुष्टात येण्याच्या बेतात आला होता. येथे ना स्नोब्लोअर उपयोगी, ना ओढगाडी. आणि नेहमीच्या हिमाचीही मर्यादा असते: २०२५ च्या फेब्रुवारीत चार दिवसांत ७० सेंटिमीटरहून अधिक हिम पडले, तेव्हा एरवी चार-पाच दिवसांत उरकणारे उचलण्याचे काम कितीतरी अधिक काळ रेंगाळले.

शेवटी अंदाजपत्रकाची एक गाठ. नगराचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते; म्हणजे एका वर्षाच्या तरतुदीत दोन अर्धे हिवाळे पडतात, आधी मागल्याचा उत्तरार्ध, मग पुढल्याचा पूर्वार्ध. जानेवारी-मार्च हिमाने जड गेला की नोव्हेंबरात तिजोरी आधीच हलकी झालेली असते आणि त्याच महिन्यात चेंबरे उपसणे, भेगा भरणे, हायड्रंट तपासणे ही कामे निघतात. ती कामे टाळली तर त्या वर्षाच्या जमाखर्चात बचत दिसते, खर्च मात्र पुढच्या वर्षाच्या एप्रिलात, खड्ड्यांच्या आणि फुटलेल्या जलवाहिन्यांच्या रूपाने नोंदला जातो. तोट्याचे खरे वर्ष कोणते हे त्या नोंदवह्यांवरून ओळखू येत नाही. म्हणून मरामतीचा निधी हिम उचलण्याच्या निधीपासून वेगळा बांधून ठेवावा आणि एकातून दुसऱ्यात रक्कम वळवण्यास मनाई असावी, असे मला आग्रहाने वाटते.

गोठणीखाली पुरलेल्या जलवाहिन्या थंडीत का फुटतात आणि फुटलेली जागा जमिनीवरून कशी हुडकतात, हे पुढील लेखांकात.