टेबलावरच्या यार्डातील कोंडी

नागपूर - मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही लोहमार्गांवरील गाड्या वर्धा ते नागपूर हे अंतर एकाच वाटेने कापतात. त्यामुळे येथे एखादी मालगाडी अडकली, की तिच्यामागे दोन्ही मार्गांच्या गाड्या खोळंबतात.

पुण्यात १९९८ मध्ये खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून घरीही असे काही उभारावे, असे अनेकांना वाटते. मात्र, हौशी मंडळी टेबलावर हीच कोंडी नकळत निर्माण करतात. यार्ड म्हणजे जितके रूळ तितके चांगले, हा समज त्याला कारणीभूत ठरतो. शंटिंग करणारे इंजिन डबे ओढत मुख्य मार्गावर येते आणि तेथील धावती गाडी थांबवावी लागते. यावर उपाय म्हणजे यार्डाच्या तोंडाशी, मुख्य मार्गाला समांतर असा स्वतंत्र रूळ. रेल्वेच्या भाषेत 'शंटिंग नेक'. यार्डातील सर्वांत लांब रुळावर मावणारे डबे आणि शिवाय इंजिन त्यावर उभे राहिले पाहिजे. त्यासाठी डबे ठेवण्याचा एखादा रूळ कमी करावा लागला, तरी सौदा फायद्याचाच.

सांध्यांचेही तसेच. १:८७ प्रमाणाच्या 'एचओ' प्रतिकृतीत दोन रुळांमधील अंतर जेमतेम १६.५ मिलिमीटर असते. उजव्या वळणाला लागूनच डावे वळण आले, तर मागून ढकललेले हलके डबे घसरतात. मध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ हवा.

आखणी आधी कागदावर पूर्ण मापात करून त्यावर डबे हाताने फिरवून पाहावेत. एकदा चिकटवलेला सांधा उखडताना त्याच्या नाजूक सरकत्या पट्ट्या सहज वाकतात.