एक जूनच्या जन्मतारखा आणि रिकाम्या जागा

जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ मे हा निरोपाचा दिवस. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेड्यात पोराला शाळेत घालताना बापाला त्याची जन्मतारीख ठाऊक नसे. हेडमास्तर अंदाजाने वय धरत आणि रजिस्टरला सोयीची तारीख टाकत, एक जून नाहीतर एक जुलै. त्यातलीच काही पोरं पुढे गुरुजी झाली. वयाची ५८ वर्षं भरली की नोकरी संपते आणि ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे नवं सत्र तोंडावर आलेलं असतानाच शाळांतली माणसं एकदम कमी होतात. देऊळगाव राजा तालुक्यात शिक्षक संघटनांची जूनची धावपळ इथूनच सुरू होते. शाल-श्रीफळ देऊन सेवापूर्तीचा सत्कार होतो, पेन्शनचं प्रकरण कुठे अडलंय याची विचारपूस होते आणि सत्कार आटोपला की रिकाम्या जागांची यादी पुढ्यात येते.

ही यादी म्हणजे संघटनेचं खरं भांडवल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन, ९१ पासून चार. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना निदान एकेक शिक्षक हवा. कागदावर हे नीट बसतं. पण दोन शिक्षकी शाळेतले एक गुरुजी ३१ मे रोजी निवृत्त झाले, की उरलेल्या बाईंकडे सगळे वर्ग, पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती आणि केंद्रावरच्या बैठका असं सगळंच येतं. त्या बैठकीला गेल्या, तर शाळेत कोण? या प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून संघटनेचे पदाधिकारी शाळा उघडायच्या आधीच पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे बसतात. अमुक शाळेवर तात्पुरती का होईना व्यवस्था करा, तमुक ठिकाणचा पट वाढलाय, तिथला माणूस हलवू नका. अधिकारी बदलून जातात, बाबूंची टेबलं बदलतात. तालुक्यातली शाळा न् शाळा, तिथल्या खोल्या, गळकी छपरं आणि तिथे कोण किती वर्षं आहे, हे सलग लक्षात ठेवणारी मंडळी मात्र संघटनेतच सापडतात. आंदोलनाच्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो तो घोषणांचा. जूनमधलं हे बसून केलेलं काम छापून येत नाही. माझ्या मते संघटनेची किंमत ठरते ती याच कामावर.

बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा हे बालाजीचं गाव, विदर्भाच्या अगदी काठावर. पलीकडे जालना जिल्हा म्हणजे मराठवाडा. २०२५ मध्ये राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि विदर्भातल्या, उन्हामुळे, २३ जूनला. म्हणजे जालन्याकडच्या गावातलं पोर दप्तर घेऊन वर्गात बसलेलं असतं, तेव्हा अलीकडच्या गावातली पोरं अजून उन्हाळ्याच्या सुट्टीत असतात. हा आठवडा संघटनेला फार मोलाचा. बालभारतीची मोफत पुस्तकं केंद्रापर्यंत आली का, कुठल्या इयत्तेचा कुठला विषय कमी पडला, गणवेशाचं काय, हे सगळं याच दिवसांत निस्तरावं लागतं, कारण पुस्तकं पहिल्या दिवशी मुलांच्या हातात पडली पाहिजेत. त्यात पेरणीचे दिवस. पाऊस पडला की घर सगळं शेतात. पटनोंदणीला गुरुजी घरोघर फिरतात ते भल्या सकाळी किंवा दिवेलागणीला, माणसं भेटतात तेव्हा.

या संघटनांना इतिहास आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांच्या सेवेत आले. त्याच वर्षी भा. वा. शिंपी गुरुजींच्या पुढाकाराने प्राथमिक शिक्षक समिती उभी राहिली. शिक्षक संघ आहेच. माध्यमिककडे विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचं नाव मोठं. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राज्य कर्मचारी आणि शिक्षकांच्या ५४ दिवसांच्या संपाच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या आहेत, बुलढाणा जिल्हा अमरावती विभागाच्या मतदारसंघात येतो, पण राज्यघटनेने हे मत दिलं आहे ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या बाईंना तिथे मतच नाही. त्यांचं म्हणणं मांडायला संघटना सोडून दुसरी जागा नाही.

ते म्हणणं मांडलं जातं ‘निवेदना’तून. ए-फोर कागद, वर संघटनेचं लेटरहेड, ‘प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी साहेब’, मग विषय, मग संदर्भ. संदर्भात शासन निर्णयाची तारीख चुकली की अख्खं निवेदन बाजूला पडतं, म्हणून ती दोन-दोनदा पाहिली जाते. खाली मागण्या: पगार एक तारखेला व्हावा, वैद्यकीय देयकं निकाली काढावीत, बारा वर्षं झालेल्यांना चट्टोपाध्याय श्रेणी म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी मिळावी, सेवापुस्तकं अद्ययावत करावीत, अशैक्षणिक कामं कमी करावीत. शेवटी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ आणि वरच्या साहेबांची नावं. आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतली जाते. ती पोच फाइलला लागते. पुढे सहा महिन्यांनी ‘असं काही आलंच नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. सेवापुस्तकातली एक राहिलेली नोंद निवृत्तीनंतर माणसाला किती हेलपाटे घालायला लावते, हे ज्याने घातलेत त्याला विचारावं. निवृत्तीचंच आणखी एक दुखणं: ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांची १ जुलैची वेतनवाढ एका दिवसाने हुकायची. ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

बदल्यांचा विषय काढला की बैठकीतला आवाज चढतो. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयापासून बदल्या ऑनलाइन झाल्या. आजारी आणि दिव्यांग एका संवर्गात, पती-पत्नी एकत्रीकरणवाले दुसऱ्यात, अवघड क्षेत्रातले तिसऱ्यात. वशिला कमी झाला, हे मान्यच केलं पाहिजे. पण एकाची सोय होते तिथे दुसरा विस्थापित होतो आणि दोघेही एकाच संघटनेचे सभासद असतात. इथेच फाटाफूट होते. त्यात पतसंस्थेच्या निवडणुकीतली पॅनलं, जुनी भांडणं. तालुका एक आणि संघटना अनेक, त्यामुळे एकाच मागणीची वेगवेगळी निवेदनं एकाच टेबलावर जातात. मला हे पटत नाही. रिकाम्या जागांची यादी तरी सगळ्यांनी मिळून एकच करावी, सह्या हव्या तर सगळ्यांच्या असाव्यात.

मोठं संकट आलं की मंडळी एकत्र येतात, हेही खरं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० मार्च २०२३ चा संप सगळ्यांनी मिळून केला. २५ सप्टेंबर २०२४ ला संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, नव्या निकषांविरुद्ध आणि कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी नेमणूक करण्याच्या धोरणाविरुद्ध शिक्षक सामूहिक रजेवर गेले. आता नवी चिंता टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक आहे, त्यांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायला सांगितलं. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं आता रात्री स्वतःची पुस्तकं उघडून बसतात. संघटनेने याविरुद्ध लढावं, तो तिचा हक्कच. पण जूनमध्ये तिने अभ्यासाला बसणाऱ्यांची सोयही पाहावी: जुने पेपर मिळवावेत, रविवारी दोन तास एकत्र बसावं, गणिताच्या शिक्षकाने भाषेच्या बाईंना आणि बाईंनी त्याला शिकवावं.

शाळा उघडली तरी काम सरत नाही. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते आणि आधार न जुळलेलं मूल हजर असूनही मोजणीत येत नाही. तीन पोरांचे आधार राहिले म्हणून एक पद जाऊ शकतं. म्हणून प्रवेशोत्सवाचं तोरण उतरलं की लगेच जन्मदाखला आणि आधार नसलेल्या मुलांची शाळावार नावं काढायची, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना गाठायचं आणि जुलै संपायच्या आत तालुक्याला आधारचा कॅम्प मागायचा. त्याचं निवेदन शाळेच्या पहिल्याच आठवड्यात गेलं पाहिजे.